लढाईआधीचा ब्लॉक

भिंत पाडायचं काम ज्यानं केलंय त्याला ठाऊक असतं, की भिंत असते एवढीशी आणि मलबा निघतो डोंगराएवढा. उभी असते तेव्हा शहाण्यासारखी एका ओळीत असते. पाडली की ठेवायला जागा पुरत नाही. किश्शांचंही तसंच आहे. ज्या ब्लॉकमध्ये आम्ही भातलावणीनंतर काम धरलं आणि मार्गशीर्षात सोडलं, तो ब्लॉक जेमतेम पाच खोल्यांचा. पण शहापूरच्या स्टँडसमोर चहा पिताना त्याचा विषय निघाला, की किन्हवलीची गाडी निघून जाते आणि गोष्ट अर्धी राहते!

आधी मंडळी सांगतो. मी शहापूरचा. मॅट्रिक झालो आणि मुंबईच्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे साइटवरचा माणूस म्हणून लागलो. शेठ चार लोकांत मला ‘सुपरवायझर’ म्हणायचे. एरवी ‘ए शहापूर!’

माझ्या हाताखालची माणसं आमच्याच भागातली. गवंडी धर्मा मेस्त्री किन्हवलीचा. शेत लावून झालं की मुंबई धरायचा. सुतार कान्हा मुरबाडच्या पुढचा, सरळगावाकडचा. हात गोड, तोंड बंद, आणि लग्नाचं वय उलटत चाललेलं. तिसरी हिरीबाय, शेणव्याजवळच्या पाड्यावरची. घमेली वाहायची, रेती चाळायची, आणि ज्यानं विचारलं नाही त्यालाही उत्तर द्यायची.

ब्लॉक मलबार हिलच्या उतारावर, दुसऱ्या मजल्यावर. इमारत दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. वाटणीत तळमजला थोरल्या भावाकडे आणि हा मजला धाकट्याकडे आला होता. धाकटे म्हणजे डॉक्टर; त्यांच्या दवाखान्यात बायकोच कंपाउंडर. ते वारले. एकुलता एक मुलगा इंग्लंडात. त्यानं आईला कळवलं, ब्लॉक नीट करून घे, विकून टाक आणि इकडे ये. बाई म्हणाल्या, विकते. यायचं नंतर बघू. विकल्यावर त्या पुण्याला बहिणीकडे दोन खोल्यांत जाणार होत्या. काम चालू होतं तोवर तळमजल्यावर जावेकडे राहत होत्या.

ब्लॉक विकावा असं बाईंच्या मनात नाही, हे मला कळायला फार दिवस लागले. हिरीबायला पहिल्याच दिवशी कळलं. मला बाजूला घेऊन म्हणाली, “भाऊ, विकणारी बाय अशी भिंतीवरून हात फिरवीत नाय!”

* * *

तर पहिला दिवस. खाली लिफ्ट. जाळीचं दार, आत आरसा, आणि दारात खाकी कपड्यातला लिफ्टमन गणपत. त्यानं हात आडवा घातला.

“कामगारांना लिफ्ट नाय. जिन्यानं जा.”

धर्मा मेस्त्री तापणार तेवढ्यात हिरीबाय पुढं झाली.

“बरं बाबा, आमी जातो जिन्यानं. पण ही घमेली तरी ने वर. ती काय कामगार नाय!”

गणपतनं डोकं खाजवलं. घमेल्यांबद्दल त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. त्या दिवसापासून सिमेंट, थापी, कुदळ, फावडं सगळं आरशात आपापलं तोंड बघत ऐटीत वर जायचं, आणि आम्ही धापा टाकत जिन्यानं. तिसऱ्या दिवशी धर्मा मेस्त्रीनं डोक्यावरची टोपी काढली आणि घमेल्यात ठेवली.

“हे काय?” मी विचारलं.

“माझी टोपी तरी जाऊ दे लिफ्टनं!”

असे काही दिवस गेले. एकदा हिरीबाय जिन्याच्या पायरीवर दम घेत बसली होती. गणपतला काय वाटलं कोण जाणे, त्यानं विचारलं, “गाव कंचं गो तुजं?”

“शेणवा.”

“आयला! शेणव्याला माझी भईण दिलीय.”

कोणाकडे, कुठल्या आळीत, घरासमोर चिंच आहे की आंबा, सगळी चौकशी झाली. मग हिरीबाय कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“म्हंजे तू आमच्या गावचा मेव्हणा! आणि मेव्हणा होऊन गावच्या माणसांना जिना चढायला लावतोस?”

दुसऱ्या दिवशी गणपतनं आम्हाला सगळ्यांना घमेल्यांसकट लिफ्टमध्ये बसवलं. दार ओढणार तोच वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आले. मोठे सॉलिसिटर, अंगात कोट, हातात छत्री. गणपतनं हात आडवा घातला.

“जागा नाय, साहेब. जिन्यानं या!”

* * *

दुपारचं जेवण आम्ही ब्लॉकच्याच रिकाम्या स्वयंपाकघरात करायचो. भाकऱ्या घरच्या, कालवण स्टोव्हवर. एका दुपारी हिरीबायनं सुकट भाजली. आता सुकटीचा वास म्हणजे काय, तो कोकणातल्या माणसाला सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. वास गॅलरीतून खाली गेला, जिन्यातून वर गेला.

थोड्या वेळानं दारात बाई. आम्ही घास हातात धरून उभे राहिलो. आता नोकरी गेली, असं मी मनाशी धरलं.

बाईंनी विचारलं, “काय भाजलंय?”

“सुकट,” हिरीबाय म्हणाली. “चुकलं, बाय. उद्यापासून नाय.”

बाईंनी मागं वळून जिन्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, “आहे का थोडी?”

डॉक्टर गेल्यापासून जावेनं घरात मासळी बंद केली होती. बाई जन्माच्या मासे खाणाऱ्या! त्या सिमेंटच्या गोणीवर बसल्या. हिरीबायनं अर्ध्या भाकरीवर सुकट घातली, वर कच्चा कांदा फोडून दिला. बाई खाली मान घालून खात होत्या.

तेवढ्यात वरचे सॉलिसिटर नाकाला रुमाल लावून दारात. “वहिनी, या लोकांना काहीतरी सांगा! केवढा हा वास! बसवत नाही घरात!”

बाईंनी तोंडातला घास गिळला.

“वास? कसला? मला तर काहीच येत नाही!”

* * *

बाथरूममध्ये एक टब होता. बिडाचा, आतून पांढरा, आणि खाली चार पाय. चारही पाय वाघाच्या पंजांचे. नखांसकट! दलाल मगनभाईंचं म्हणणं पडलं की हल्ली टब नको, लाद्या बसवा, नळ बसवा. बाई म्हणाल्या, न्या बाबा कोणीतरी.

धर्मा मेस्त्री म्हणाला, “माझी म्हैस पाणी पिईल.”

शहापूरहून विटांचा ट्रक यायचा आणि रिकामा परत जायचा. सहा माणसांनी ‘हय्या हो’ करत टब त्यात चढवला. किन्हवलीत उतरला तेव्हा अर्धं गाव जमलं. कोणी म्हणालं होडी आहे, कोणी म्हणालं साहेबाला पुरायची पेटी आहे. मेस्त्रीनं टब गोठ्यात ठेवला, पाण्यानं भरला आणि म्हैस आणून उभी केली.

म्हशीनं मान खाली घातली. पाणी बघितलं. मग खाली पंजे बघितले. आणि जी उधळली, ती पार शेणव्याच्या रस्त्याला सापडली!

मेस्त्रीनं खड्डा खणून चारही पंजे मातीत पुरले. म्हैस तरीही तोंड लावीना. जनावराची आठवण असते ती.

शेवटी मेस्त्रीचा म्हातारा बाप म्हणाला, म्हैस नाही तर मी. उन्हं चांगली तापलेली होती. म्हातारा लंगोट लावून टबात उतरला, पाय लांब केले, डोळे मिटले. घटकाभर गेली. मग आतून हाका यायला लागल्या. टब गुळगुळीत, म्हातारा तेल लावलेला. धरायला जावं तर हात सटकतो, उठायला जावं तर म्हातारा परत आत! शेवटी चौघांनी काखेत दोर घालून वर काढला.

म्हातारा ओसरीवर येऊन बसला आणि शांतपणे म्हणाला, “साहेब लोक यात आंघोळीला बसतात म्हणं. पण ते उठतात कसं, ते कोणी बगितलंय का?”

* * *

मग आला रंग. हॉलला कोणता रंग द्यायचा, यावर बाईंचं मन ठरेना. मी दुकानातून रंगाची पट्टी आणली. त्यांनी ती उलटसुलट करून परत दिली.

“मला ना, भाताच्या लोंबीसारखा रंग हवा. लहानपणी आगगाडीतून बघितला होता.”

भाताच्या लोंबीला आमच्याकडे काय तोटा? कान्हा रविवारी घरी गेला तो सोमवारी येताना शेतातली लोंबी घेऊन आला. दिवस नुकती लोंबी बाहेर पडायचे; लोंबी हिरवीगार. आम्ही त्या रंगाशी मेळ घालून हॉल रंगवला. बाई आल्या, बघितलं.

“छान आहे. पण मला आठवतोय तो थोडा पिवळसर होता.”

दोन-तीन रविवार गेले. कान्हा पुन्हा लोंबी घेऊन आला. दाणा भरत आलेला, अर्धी हिरवी, अर्धी पिवळी. पुन्हा हॉल रंगवला. बाई म्हणाल्या, “जवळ आलं. पण सोन्यासारखा होता बघ तो.”

मगनभाई बाहेर येरझारा घालत होते. गिऱ्हाइकं खोळंबली होती. पण रंग ओला असताना घर दाखवणार कसं?

दिवाळीच्या आसपास कान्हानं पिकलेली लोंबी आणली. सोन्यासारखी! तिसऱ्यांदा हॉल रंगला. बाई आल्या, मधोमध उभ्या राहिल्या, मान तिरकी केली, सरळ केली. आणि म्हणाल्या, “मला वाटतं अजून थोडा...”

कान्हा कधी बोलायचा नाही. त्या दिवशी बोलला.

“बाई, आता शेतात लोंबी नाय. भात कापला, झोडला, गिरणीत दिला. आता तांदूळ झाला.”

“मग?”

“मंग पांढरा.”

बाई खो-खो हसायला लागल्या. तो हॉल शेवटी पांढराच झाला!

* * *

मगनभाईंचा एक आवडता शब्द होता: प्री-वॉर. कोणतंही गिऱ्हाईक आलं की छत दाखवून म्हणायचे, “शेठ, प्री-वॉर! लढाईआधीचं काम. असा माल आता मिळत नाही.” लाद्या लढाईआधीच्या, कड्या लढाईआधीच्या, गॅलरीचा कठडा लढाईआधीचा. आम्ही रोज ऐकायचो.

त्याच दिवाळीत सीमेवर चीनची लढाई पेटली. रस्तोरस्ती वर्गणी, रेडिओभोवती गर्दी. महिन्याभरात ती थांबली. पुढच्या गिऱ्हाइकापुढं मगनभाईंनी नेहमीप्रमाणं छताकडे बोट केलं.

“शेठ, लढाईआधीचं काम!”

हिरीबाय रेती चाळता चाळता थांबली.

“मंग आता माझं पाड्यावरचं खोपटंबी लढाईआधीचंच झालं की! कोणाला दाखवायचं असंल तर सांगा, शेट.”

त्यानंतर निदान आमच्यासमोर तरी मगनभाईंनी तो शब्द वापरला नाही.

* * *

एक गिऱ्हाईक आलं ते जाम चिकित्सक. हातात काठी. काठीनं भिंत ठोकायचे, कान लावायचे. खिडकी उघडून बघितली, बंद करून बघितली. नळ सोडला, ओंजळीत पाणी घेतलं, उजेडात धरलं. मगनभाई हात चोळत मागे मागे. सौदा जुळत आला होता, त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. बाई दारात उभ्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

“पाणी कुठलं येतं?”

“तानसाचं, शेठ! तानसा तलावाचं. त्याच्यासारखं पाणी मुंबईत नाही.”

“स्वच्छ असतं ना? मला पोटाचा त्रास आहे.”

इथं मगनभाईंनी एक चूक केली. आमची मंडळी त्याच भागातली, हे त्यांना ठाऊक होतं. साक्षीदार म्हणून ते हिरीबायकडे वळले.

“विचारा हिला! तिकडचीच आहे ती. काय बाई, तानसाचं पाणी कसं?”

“माझं माहेर तानसाच्या काठावर,” हिरीबाय छाती पुढं काढून म्हणाली. “पाणी एकदम चांगलं! उगाच का आमची सगळी गुरं उन्हाळाभर त्याच्यातच बसतात?”

गृहस्थांनी ओंजळ सोडली. रुमालानं हात पुसले, परत पुसले. काठी घेतली आणि लिफ्टची वाटही न बघता जिन्यानं उतरले.

मगनभाई डोकं धरून खाली बसले. “अगं, असं कशाला सांगितलंस?”

“त्यानं इचारलं चांगलं हाय का. खराब असतं तर गुरं बसली असती?”

बाई आतल्या खोलीत गेल्या होत्या. हसण्याचा आवाज मात्र बाहेर येत होता.

* * *

आता कान्हाची गोष्ट. टोकावड्याकडची एक मुलगी त्याला सांगून आली होती. सुताराचीच. मुलीच्या वडिलांनी निरोप धाडला, की आम्ही मुंबईला येतोच आहोत. मुलगा कुठं काम करतो ते बघून घेऊ, घर मागाहून बघू. कान्हानं तोंडोतोंडीच उलट निरोप धाडला, ‘या, काम बघून घ्या.’ कल्याण, मुरबाड, टोकावडे करत मुलीच्या बापाकडे पोचला तोवर त्याचा झाला होता, ‘या, घर बघून घ्या.’

आणि त्याच दुपारी मगनभाईंचं एक नवीन गिऱ्हाईक येणार होतं. त्यांना त्यांनी कधी बघितलं नव्हतं. फक्त बाहेरगावची बडी असामी आहे, एवढं ठाऊक.

खाली मुलीचे वडील आणि मामा आले. धुवट धोतरं, फेटे, कडक इस्त्रीचे कोट. गणपतनं विचारलं, “कशाला आलात?”

“घर बगायला.”

“दुसरा मजला!”

मी आणि कान्हा शेवटच्या खोलीत फळी बसवत होतो. मला वाटलं गिऱ्हाईक आलं. म्हणून मी मधल्या दारापर्यंत गेलो आणि ऐकत उभा राहिलो.

मगनभाई म्हणत होते, “या, या! तुमचीच वाट बघत होतो. घर बघायला ना? पाच खोल्या. ही गॅलरी. इथून समुद्र दिसतो.”

“एवढं सगळं एकाच घरात?” वडिलांचा आवाज बारीक झाला होता.

“एकाच! आणि भाऊबंदांची कटकट नाही.”

“भावकी नाय हे बरं,” मामा म्हणाला.

“माणसं किती राहणार?”

“सध्या नवराबायको दोघंच,” वडील म्हणाले. “पुढं देवाच्या मनात असंल तसं.”

“मुलासाठी बघताय वाटतं?”

“मुलीसाठी.”

“वा, वा! मग मुलीच्याच नावावर करू.”

वडिलांनी मामाकडे बघितलं. मामानं फेटा सारखा केला. “मुलीच्या नावावर करतात?”

“का नाही करणार? तुम्ही म्हणाल तसं करू! फक्त उशीर करू नका. काल एक येऊन गेले, परवा आणखी येणार. रांग लागलीय.”

मामा वडिलांच्या कानाशी लागला. “पोराला एवढी मागणी हाय!”

वडिलांनी घसा खाकरला. “सगळं पटलं. पण पोरगा कुठं हाय?”

“मालकिणीचा मुलगा? तो इंग्लंडला!” मगनभाई हात उडवून म्हणाले. “तो आता परत येत नाही. तिथं मडमेशी लग्न केलंय!”

वडील मटकन रंगाच्या डब्यावर बसले. “मडम? कान्हानं?”

आणि नेमका कान्हा आतून आला. डोक्यापासून पायापर्यंत भुसा. हात जोडून म्हणाला, “आलात? बसा. मी हात धुऊन येतो.”

मामा ओरडला, “हा बग, इंग्लंडवरून आला!”

पुढचा गोंधळ मला नीट सांगता येणार नाही. मगनभाई मला ओरडत होते, मामा मगनभाईंना ओरडत होता, हिरीबाय सगळ्यांना. आवाज ऐकून बाई खालून आल्या. दारात एक वयस्क जोडपं उभं होतं. ते खरं गिऱ्हाईक! बराच वेळ ऐकत होते म्हणे.

शेवटी मी सगळ्यांना गप्प केलं आणि मुलीच्या वडिलांना खरं सांगितलं. घर या बाईंचं. कान्हा इथं दारंखिडक्या करतो. त्याचं स्वतःचं घर सरळगावाकडे. कुडाच्या भिंती, एक खोली, एक पडवी.

कान्हाचे कान लाल झाले होते. तो जमिनीकडे बघत होता. याआधी दोन ठिकाणी त्याला घरावरूनच नकार आला होता, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

वडील उठले. एकटेच पाचही खोल्यांतून सावकाश फिरून आले. कान्हासमोर उभे राहिले.

“म्हंजे हे घर तुजं नाय?”

“नाय,” कान्हा म्हणाला.

“मंग बरं झालं! मी मघापासून काळजीत पडलो होतो. एवढं घर रोज सारवायचं म्हंजे माजी पोर मरूनच गेली असती!”

बाईंनी खालून ताटलीत साखर आणली. सगळ्यांच्या हातावर ठेवली. गिऱ्हाइकाच्या बायकोनंही साखर तोंडात टाकली आणि नवऱ्याला म्हणाली, “ज्या घरात सोयरीक जुळली ते घर सोडायचं नाही. हेच घेऊ.”

मगनभाईंनी कपाळावर मारून घ्यायला हात उचलला होता. त्याच हातानं त्यांनी नमस्कार केला!

बाई ताटली धरून उभ्या होत्या. “विकलं म्हणायचं,” एवढंच म्हणाल्या. उरलेली साखर त्यांनी हिरीबायच्या ओंजळीत ओतली आणि गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. सगळ्या कामात तेवढीच एक वेळ अशी, की हिरीबाय काही बोलली नाही.

* * *

लग्न उन्हाळ्यात झालं, कान्हाच्या दारात. आम्ही सगळे आदल्या दिवशीच पोचलो. हळदीच्या दिवशी सकाळी पाड्यावरची पोरं ओरडत आली, “मुंबईची बाय आली! मुंबईची बाय आली!”

बघतो तर खरंच बाई! पुण्याहून कल्याण, कल्याणहून मुरबाडची एस.टी., आणि पुढं कोणाच्या तरी बैलगाडीतून. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, केस धुळीनं पांढरे.

धर्मा मेस्त्री एकदम माझ्या कानाशी आला. “भाऊ, दार बगितलंस का?”

मी बघितलं. कान्हानं घराच्या दारावर एक शिसवी पाटी ठोकली होती. तेलपाणी करून चकचकीत केलेली. त्यावर डॉक्टरांचं नाव, आणि खाली ‘आत’ आणि ‘बाहेर’, मध्ये सरकती पितळी पट्टी. पट्टीनं ‘बाहेर’ झाकलेलं. शेवटच्या मलब्यात ती बाईंनीच फेकायला काढली होती. कान्हाला वाचता येत नव्हतं; त्याला लाकूड आवडलं.

मेस्त्रीनं लगबगीनं आंब्याचा टहाळा आणून पाटीवर लटकावला. तो खाली पडला. परत लटकावला. परत पडला. तोवर बाई दाराशी पोचल्या होत्या.

त्यांनी पाटी वाचली. मेस्त्रीनं टहाळा पाठीमागे लपवला.

कान्हा अंगभर हळद लावून, नवरदेवाच्या कट्यारीऐवजी हातात सुताराची पटाशी धरून पाटावर बसला होता, तो तिथूनच बोलायला लागला. “बाई, रागावू नका. त्या पाटीनं माजे लय हाल झाले. शाळेतली पोरं वाचतात आणि गावोगाव सांगतात. महिनाभर झाला, आजारी माणसं दारात येऊन बसतात. मी सांगतो, बाबांनो मी सुतार हाय. तर म्हणतात, पाटीवर तर लिवलंय डॉक्टर आत हायत!”

“मग तू काय करतोस?” बाईंनी विचारलं.

“मुरबाडच्या दवाखान्याची वाट दाखवतो. एकाची दाढ तेवढी काढली. माज्याकडं पक्कड होती म्हणून.”

सगळा मांडव हसला. बाई पाटीकडेच बघत होत्या.

तेवढ्यात माणसं बाजूला सारत एक म्हातारा आला. खांद्यावर घोंगडी, अंगात ताप असावा. काठीवर सगळा भार. त्याला ना मांडव दिसत होता ना हळद. तो थेट बाईंसमोर उभा राहिला.

“डॉक्टर हायत ना? लांबून आलोय.”

कान्हा पाटावरून तसाच उठला. एका हातात पटाशी, अंगावरून हळद गळतेय. “थांब, आजा, थांब. ती पट्टी घट्ट बसलीय. आता ठोकून ‘बाहेर’ करून टाकतो!”

बाईंनी त्याचा हात धरला.

“राहू दे, कान्हा. आत आहेत. आतच असू दे.”

मग त्यांनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला, ओट्यावर बसल्या आणि समोरची जागा हातानं झाडली.

“या आजोबा. बसा इथं. जीभ दाखवा.”